अख्खा भोपळा

क्लिपेच्या दातांत अडकलेला एक केस, काळा, टोकाशी किंचित तांबूस झालेला, पुस्तकाच्या पानावर आडवा पडला होता, आणि तो उचलून टाकावा की तसाच राहू द्यावा याचा विचार करत सुलेखा किती वेळ बसली होती कोण जाणे. केस इशिताचा. क्लिपही तिचीच. पुस्तकात खूण म्हणून घालायला या मुलीला कागदाचा कपटा मिळत नाही. केसांतली क्लिप काढायची, पानाला लावायची, आणि मग सकाळी सगळं घर डोक्यावर घ्यायचं – आई, माझी क्लिप? केस उचलला तर तिला कळेल की पुस्तक कुणीतरी उघडलं होतं. म्हणजे कळलं तरी काय होणार होतं म्हणा... पण नको. सुलेखानं केस तिथंच ठेवला आणि क्लिपेच्या पुढची पानं, मुलीनं अजून न वाचलेली, उलटली.

गेले तीन आठवडे हे चाललं होतं. शाळेनं लावलेलं पुस्तक, पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींसाठी लिहिलेलं. हैती नावाच्या देशातून मॉन्ट्रियलला मावशीकडे राहायला आलेल्या मिरलांद नावाच्या मुलीची गोष्ट. पहिल्या दिवशी सुलेखानं ते नुसतं चाळलं. मुलगी काय वाचते हे आईला ठाऊक असावं, एवढंच मनात. दुसऱ्या दिवशी मोबाइलवर शब्द बघत बघत चार पानं. मग ब्युमॉन्टच्या रुग्णालयात कामाला जायच्या आधी अर्धा तास, सुट्टीच्या दिवशी दोन तास... शब्द बघायचे तिनं नेमके कधी सोडले हे तिलाही सांगता आलं नसतं. बर्फात पहिल्यांदा पाय घातल्यावर मिरलांदला वाटतं की कुणीतरी रात्रीतून सगळ्या गावाचा आवाज बंद केला आहे – हे वाचताना सुलेखा थांबली होती. इथं डब्लिनमध्ये बर्फ नाही पडत फारसा. पण आवाज बंद झाल्यासारखं... ते आहे. दोन वर्षांपूर्वी आलो तेव्हा मला वाटायचं, मी कानात कापूस घालून फिरते आहे.

आणि आज टेबलावर, पुस्तकाच्या पलीकडे, भोपळा होता.

लाल भोपळा. अख्खा. चांगला पाच-सहा किलोंचा, देठाला वाळका पीळ पडलेला. ऑक्टोबर लागला की इथं दुकानांच्या दाराशी भोपळ्यांचे ढीग लागतात. लोक ते नेतात, डोळे-दात कोरतात, आत दिवा ठेवतात आणि आठवड्यानं कचऱ्यात टाकतात. पहिल्या वर्षी ती त्या ढिगांकडे न बघता पुढे निघून गेली होती. परवा मात्र इशितानं स्वतः निवडून, छातीशी धरून हा घरी आणला. शाळेत आज संध्याकाळी साडेसहाला त्या पुस्तकाचा कार्यक्रम. मुलं उतारे वाचणार, आणि पुस्तकात शेवटी जे भोपळ्याचं सूप येतं ते सगळ्यांना द्यायचं. सूप कोण करणार असं बाईंनी विचारलं, तेव्हा वर्गात या मुलीनं हात वर केला – माझी आई करील, ती भोपळ्याचं फार छान करते.

ज्या मुलीनं गेल्या वर्षी सांगितलं होतं, आई, शाळेत येशील तर युनिफॉर्म काढून ये हं, प्लीज. ज्या मुलीनं पालकसभेत बाईंच्या आणि आईच्या मधे बसून दोन्हीकडचं बोलणं स्वतःच केलं होतं, जणू आई म्हणजे चुकून बरोबर आलेलं सामान. त्या मुलीनं हात वर केला.

"फार छान करते, हे तुला कोणी सांगितलं?" सुलेखानं विचारलं होतं. "तू सहा वर्षांची असताना खाल्लेलं. नंतर मी कधी केलाय?"

"आय रिमेंबर इट," इशिता म्हणाली. "गोड होतं. आणि त्यात ते कडू दाणे."

"मेथी."

"हां. मेथी." आणि आज सकाळी दप्तर पाठीला लावताना, "आई, सहाला आण. उशीर नको हं."

"अगं, पण हा कापायला कुणीतरी..."

"कुणीतरी म्हणजे?"

"म्हणजे कुणी बाप्या माणूस. पहिला घाव बाईनं घालायचा नसतो भोपळ्याला."

इशिता दारात थांबली. तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, हे त्यातल्या त्यात बरं. "आई, इट्स अ व्हेजिटेबल," ती हळूच म्हणाली, आजारी माणसाशी बोलावं तसं. मग बस चुकेल म्हणून पळाली.

भाजीच आहे, हे काय मला कळत नाही? पण का नाही कापायचा, हे सुलेखाला कुणी धड सांगितलंही नव्हतं. तिच्या आईला विचारलं तर, नसतं कापायचं, एवढंच. सासूबाई, अलकनंदाबाई, म्हणायच्या की भोपळा हा बळी असतो, बळी देणं बाईचं काम नव्हे. शेजारच्या कुणीतरी सांगितलं, तो घरचा थोरला मुलगा समजायचा. तीन घरी तीन कारणं, आणि तिन्ही घरी भोपळा पुरुषाच्या पुढ्यात नेऊन ठेवायचा. नवरा, यशवंत, होता तोवर त्यात जड काही नव्हतं. तो ऑफिसला निघता निघता स्वयंपाकघरात यायचा, सुरीचं टोक भोपळ्यात बोटभर खुपसायचा, "घ्या, झालं आमचं शौर्य" म्हणायचा आणि हात धुऊन निघून जायचा. पुढे ती सुरी ओढून काढायची, भोपळा खाली ठेवून त्यावर गुडघ्यानं भार देऊन फोडायचा, बिया काढायच्या, साल तासायची, फोडी करायच्या – ते सगळं ती. हसायची ती तेव्हा. त्या बोटभर शौर्यावर तिचं प्रेम होतं, खोटं कशाला बोला.

मग तो गेला. दहा वर्षं झाली.

आणि त्याच्या वर्षश्राद्धाला स्वयंपाकात भोपळा हवा. दीर शैलेंद्र पुण्याहून विधीला अकरापर्यंत पोचणार होता. स्वयंपाक त्याआधी व्हायला हवा. सकाळी सातला, डोक्यावरून पदर घेऊन, परातीत भोपळा आणि सुरी घेऊन सुलेखा मिरजेच्या त्या कॉलनीत समोरच्या चंद्रहासरावांच्या दारात उभी राहिली. ते वर्तमानपत्र वाचत होते. वर न बघता म्हणाले, "ठेवा तिथं. चहा झाला की बघतो." तिला वाटलं, ठेवून जावं, पण परात दुसऱ्याच्या उंबऱ्यात टाकून कसं जायचं, म्हणून ती उभी राहिली. त्यांचा चहा झाला. खेळाचं पान झालं. पायाशी मुंग्यांची एक रांग भिंतीकडे चालली होती ती तिनं शेवटपर्यंत पाहिली... नवऱ्याच्या श्राद्धाची भाजी करायची, आणि त्यासाठी परक्या पुरुषाचा चहा संपायची वाट बघायची. वीस मिनिटांनी त्यांनी सुरी टोचली. पुढल्या वेळी, संक्रांतीच्या आधी, ती दिसताच आतल्या कुणाला तरी म्हणाले, "आला वाटतं भोपळा!" आतून कुणी हसलं. महिनाभरात कॉलनीतली पोरं तिला भोपळाकाकू म्हणायला लागली.

त्यानंतर तिनं अख्खा भोपळा घरात आणला नाही. कापलेली फोडही नाही. कुणी विचारलं तर, आमच्याकडे आवडत नाही.

मोबाइल वाजला तेव्हा पावणेदोन झाले होते. वरुण. डब्लिनच्याच डून लेरी भागात राहणारा, इथंच शिकून नोकरीला लागलेला मुलगा. गणपतीत ओळख झालेली. त्याला तिनं काल निरोप पाठवला होता, उद्या दोनपर्यंत येशील का, एक जड काम आहे. काम काय ते लिहायला बोट धजावलं नव्हतं.

"ताई, सॉरी, सॉरी, आमच्या मॅनेजरबाईंनी मीटिंग मधेच घुसवली, पाचच्या आत काही सुटत नाही मी. काय होतं पण? कपाट हलवायचंय?"

"नाही रे. भोपळा कापायचा होता."

"भोपळा."

"लाल. अख्खा."

"सुरी नाहीये का तुमच्याकडे?"

"सुरी आहे."

"अच्छा! अच्छा, अच्छा. आमची आजीपण आजोबांना झोपेतून उठवायची यासाठी. मग काय, व्हिडिओ लावा ताई. कॅमेरा भोपळ्यावर धरा, मी इथून हर हर महादेव म्हणतो, तुम्ही सुरी घाला. पुण्य माझ्या खात्यात."

"चल, चावट कुठला."

"अहो खरंच सांगतोय. सगळं जग ऑनलाइन चाललंय, भोपळ्यानंच काय पाप केलंय?"

ती हसली. फोन ठेवल्यावरही हसत होती, आणि मग तिच्या लक्षात आलं की मोबाइल कशाला टेकवून ठेवला तर भोपळा नीट दिसेल, हे ती मघापासून मनातल्या मनात बघते आहे. साखरेच्या डब्याला... तिचं हसू जिथल्या तिथं थांबलं.

बाजारात चिरलेल्या फोडींची पाकिटं मिळतात. भोपळ्याची नव्हे, त्याच्या कुठल्यातरी लांबट भावाची. तीन बस बदलून ब्लँचर्डस्टाउनला गेलं तर... पण इशितानं हा छातीशी धरून आणला होता.

तिनं पुन्हा पुस्तक ओढलं. उरलेली पानं थोडीच होती. मिरलांदची मावशी आजारी आहे, उद्या नवं वर्ष, आणि नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी हैतीची माणसं जगात कुठंही असली तरी भोपळ्याचं सूप करतात. का, ते मावशी पडल्या पडल्या सांगते. आमच्या पणज्यांच्या पणज्यांनी हे सूप रांधलं. भोपळा त्यांनी पिकवला, त्यांनी फोडला, त्यांनी ढवळला, पण ओठाला लावायची परवानगी नव्हती, ते मालकांसाठी. ज्या दिवशी आम्ही गुलाम राहिलो नाही, त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा काय केलं माहीत आहे? बसून सूप प्यायलो.

सुलेखा ते वाक्य दोनदा वाचून उठली. आपलं हे त्याच्याशी जुळवू नये, तिला वाटलं. कुठे ते चाबूक, ते समुद्रापारचे साखळदंड, आणि कुठे मी, एका परातीपायी वीस मिनिटं उभी राहिलेली बाई. लाज वाटायला हवी. पण जुळत होतं. तिनं नको म्हटलं तरी आत कुठेतरी ते आपोआप जुळत होतं. सगळं तुम्हीच करायचं... सगळं, फक्त एवढंसं सोडून. एवढंसं, बोटभर, ते दुसऱ्याचं.

तरीही, आणि हे सांगायला हवं कारण माणसाचं मन सरळ रेषेत चालत नाही, तरीही तिनं भोपळा उचलला, सुरी घेतली, आणि दार उघडून शेजारच्या जेरीच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

जेरी म्हातारा, एकटा, भला माणूस. आल्या आल्या त्यानं गॅसची शेगडी कशी पेटवायची दाखवली होती. तो काही विचारणार नाही. ग्रँड म्हणेल – इथं सगळ्या ठीकला ग्रँडच म्हणतात – आणि सुरी टोचेल. मग कुणाला तरी सांगेल, माझ्या शेजारणीनं काल काय करायला लावलं माहितेय का – प्रेमानंच सांगेल. आत टीव्हीवर घोड्यांची शर्यत चालली होती. तिनं भोपळा कमरेवर घेतला, बोट बेलजवळ नेलं. आणि तिला स्वतःचे पाय दिसले. सपाता. पायपुसण्याच्या कडेला बरोबर जुळवून ठेवलेले दोन पाय, अंग चोरून, उंबऱ्याच्या अलीकडे. हे पाय तिला ओळखीचे होते. शेजारून मुंग्या जायच्या तेवढ्या राहिल्या होत्या.

मागच्या आठवड्यात वॉर्डात एक नव्वदीचे गृहस्थ गेले. ब्रीड नावाची नर्स आणि सुलेखा, दोघींनी मिळून त्यांना शेवटचं पुसलं. ब्रीडनं आधी खिडकी उघडली. इथं उघडतात, जीवाला वाट मिळावी म्हणून. सुलेखानं त्यांच्या पापण्या मिटल्या, हनुवटीखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली, हात छातीवर घेतले. या दोन वर्षांतले ते अकरावे. जिच्या घरात बायका स्मशानात जात नाहीत, तिनं अकरा माणसांना निरोप दिला, आणि कुणी विचारलं नाही, बाई, तुम्हाला हे चालतं का? तिनं स्वतःही स्वतःला विचारलं नव्हतं. हात पुढे झाले, एवढंच. तेच हात हे. त्यांना आता काय झालंय?

बेल तिनं दाबलीच नव्हती. पण जेरीचा कुत्रा भुंकला आणि दार उघडलं.

"सुला!" तो म्हणाला. त्याची नजर भोपळ्यावर, मग सुरीवर, मग पुन्हा तिच्यावर. "सगळं ठीक ना? की तो माझ्यासाठी आणलास?"

"नाही," ती म्हणाली. "माझा आहे."

"ग्रँड," जेरी मान डोलवत म्हणाला, "भोपळा मात्र ग्रँड आहे हं," आणि ती वळली तरी तो कौतुकानं बघतच राहिला. त्याला बिचाऱ्याला काय कळणार होतं की आत्ता या दारात काय झालं ते. कदाचित सुलेखालाही नीटसं कळलं नव्हतं. तिला एवढंच कळत होतं की आपण चालतो आहोत आणि चाल मोठी पडते आहे.

स्वयंपाकघरात तिनं जमिनीवर जुनं वर्तमानपत्र पसरलं, त्यावर पाट ठेवला, पाटावर भोपळा. गुडघे टेकून बसली. मनात काही मंत्र-बिंत्र आला नाही. माफी मागावी असंही वाटलं नाही – कोणाची मागायची? यशवंतची? तो असता तर दाराला टेकून म्हणाला असता, अगं घाल ना, मी काय ठेका घेतलाय? खरंच म्हणाला असता? माहीत नाही. आपण कधी विचारलंच नाही त्याला. तिनं सुरीचं टोक देठाजवळ, हिरवट पट्ट्यात ठेवलं आणि दुसऱ्या हाताच्या तळव्यानं मुठीवर भार दिला.

नाही गेली. साल दगडासारखी. तिनं पुन्हा भार दिला, खांद्यातून, कमरेतून. वॉर्डात जड माणसाला कुशीवर वळवताना देते तसा. आणि कर्र असा आवाज होऊन सुरी एकदम मुठीपर्यंत आत गेली.

काही झालं नाही. म्हणजे शेजारी कुत्रा भुंकत होता, घोड्यांची शर्यत चालू होती, खिडकीबाहेर नेहमीचं करडं आभाळ होतं. आणि भोपळ्यातून वास आला – ओला, काकडीसारखा, थोडा मातीचा. नऊ वर्षांनी. तिनं सुरी अडकलेला भोपळा तसाच दोन्ही हातांनी वर उचलला आणि पाटावर आपटला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा तो दुभंगला, दोन्ही अर्धी दोहो बाजूंना डुलत राहिली, आणि आतला केशरी रंग, बिया, ओले तंतू, सगळं उघड्यावर आलं. तिला हसू फुटलं. आधी नुसतं श्वासासारखं, मग मोठ्यानं, एकटीच, जमिनीवर बसून. आणि हसता हसता राग आला. कसला राग! त्या चहाचा, त्या वर्तमानपत्राचा, त्या आतून आलेल्या हसण्याचा. पण सर्वांत जास्त त्या परातीचा, जी ती वीस मिनिटं धरून उभी राहिली होती, जी ती केव्हाही खाली ठेवू शकली असती. हेच होतं? एवढंच होतं? खांद्यातून जोर द्यायचा, बस?

मग कामाला लागली. फोडी, बटाटे, गाजर, कोबी. पुस्तकाच्या मागच्या पानावर दिलं होतं तसंच, शाळेत चालेल म्हणून मांस सोडून. सगळं शिजून एकजीव झालं, तेव्हा तिनं कढल्यात तूप तापवलं आणि त्यात मेथीचे दाणे टाकले. मिरलांदच्या मावशीनं कपाळाला हात मारून घेतला असता. मारू दे. दाणे तांबूस झाले, फोडणी चर्र करून सुपात गेली, आणि सुलेखानं कुणाच्याही आधी, उभ्या उभ्या, वाटीभर सूप पिऊन टाकलं. जीभ पोळली. आणखी अर्धी वाटी घेतली.

सव्वापाचच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली. मांडीवर जुन्या शालीत गुंडाळलेलं पातेलं, त्याची ऊब पोटापर्यंत. संध्याकाळचा पाऊस काचेवर तिरका येत होता. लोक चढताना वास घेत, तिच्याकडे बघत, आणि आज ती त्यांच्याकडे परत बघत होती. मोबाइल थरथरला. अलकनंदाबाई. पुण्यात आता पावणेदहा. जेवण, गोळ्या उरकून त्या या वेळी फोन करतात, रोज, चार वाक्यांचा.

"कुठं आहेस? गाडीचा आवाज येतोय."

"बसमध्ये आहे आई. इशूच्या शाळेत चाललेय. त्यांच्या कार्यक्रमाला सूप केलंय, ते घेऊन."

"कसलं?"

"भोपळ्याचं."

"फोड आणलीस होय?"

"नाही. अख्खा आणला होता."

"मग कोणी कापून दिला?"

सांगता आलं असतं, वरुणनं. जेरीनं. त्याही पलीकडून तेच ऐकायच्या तयारीत होत्या; तेवढी जागा त्यांनी सोडली होती. सुलेखानं पातेल्यावरचा हात घट्ट केला.

"मी कापला, आई."

फोन कट झाला की काय म्हणून तिनं कानापासून काढून पाहिला; सेकंद पुढे सरकत होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई. आधी वडिलांच्या, मग नवऱ्याच्या, मग दोन मुलांच्या पुढ्यात भोपळा नेऊन ठेवणारी. आता त्या बोलतील. जे बोलायचं ते बोलोत, सुलेखाला वाटलं. ऐकून घेईन, पण परात पुन्हा उचलणार नाही. आणि असं वाटताना तिला राग नव्हता, हे तिचं तिलाच नवल.

"सुलेखा," अलकनंदाबाईंचा आवाज एकदम खाली आला होता, जणू शेजारच्या खोलीतल्या शैलेंद्रला ऐकू जाऊ नये. "कसं वाटलं गं हाताला?"

बस वळली. पुढच्या थांब्यावर शाळा. पावसातून तिच्या खिडक्यांचे दिवे दिसायला लागले होते, आणि आत कुठेतरी इशिता दाराकडे बघत असणार. सुलेखाच्या तोंडापर्यंत कितीतरी आलं. ती साल, तो कर्र आवाज, तो वास, तो राग, ते हसू. पण यातलं कुठलं आधी सांगावं हे काही ठरेना. फोन कानाशी धरून ती नुसती बसून राहिली. पलीकडे त्याही थांबल्या होत्या, श्वास ऐकू येत होता. घाई नव्हती. सांगायला आपल्याकडे इतकं काही आहे, असं तिला फार वर्षांत वाटलं नव्हतं.